बालमनावरील आघात आणि नागरिकांची साक्ष

निवडणूक जवळ आली की गावागावांत मतदारयादी लागते. त्या यादीत गावातील बहुतेक प्रौढ स्त्री-पुरुषांची नावे असतात. शाळेच्या हजेरीपटावरील एकही नाव मात्र तीत नसते. मूल मतदान करीत नाही. ते निवेदन घेऊन आमदारांच्या दारी जात नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही आणि न्यायालयात दादही मागत नाही. गावाला रस्ता नसेल तर सारा गाव एकमुखाने बोलतो, कालव्याचे पाणी मिळाले नाही तर शेतकरी तहसील कार्यालयावर जातात. परंतु घरातील रोजच्या मारहाणीने, अकाली लादलेल्या विवाहाने, आईबापांच्या ताटातुटीने अथवा विश्वासातील माणसाकडून झालेल्या अत्याचाराने एखाद्या बालकाच्या मनावर जो आघात होतो, त्याविषयी बहुधा कोणीच बोलत नाही. जे कोणी बोलत नाही, ते कायदे करणाऱ्यांच्या कानी पडत नाही. आणि जे त्यांच्या कानी पडत नाही, त्यासाठी कायदाही होत नाही व पैशाची तरतूदही होत नाही.

ही साखळी तोडण्याचे काम सामान्य नागरिकांनी आपल्या देशात पूर्वी केलेले आहे. ते त्यांनी कसे केले, त्यात त्यांना कोठे यश आले व कोठे उणीव राहिली, आणि त्यापासून आजच्या ग्रामस्थाने, शिक्षकाने व शासकीय कर्मचाऱ्याने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आपण नजरेसमोर ठेवू.

बालाघाटच का?

बालाघाट हा महाराष्ट्राच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा. इंग्रजी अमदानीत १८६७ साली तो अस्तित्वात आला. जुना मध्य प्रांत आणि त्यानंतरचे जुने मध्य प्रदेश राज्य यांची राजधानी नागपूर होती. त्यामुळे १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बालाघाटचे आमदार नागपूरच्याच विधानसभेत बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जिल्ह्याचे राजकीय केंद्र भोपाळला गेले. राजधानी बदलली तरी नातीगोती, बाजारहाट, रोजगार आणि भाषा यांचे धागे तुटले नाहीत. लांजी, वारासिवनी, कटंगी या भागांत आजही मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी या भाषा येथील बाजारांत शेजारी शेजारी ऐकू येतात.

या जिल्ह्याची एक गोष्ट अभिमानास्पद आहे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या व हे प्रमाण मध्य प्रदेशात सर्वाधिक होते. मुलगी जन्माला येऊ देणारा हा समाज आहे. तथापि जन्मलेल्या मुलाचे बालपण सुरक्षित राखणे हे त्यापुढचे काम होय. बैहरच्या डोंगराळ भागातील बैगा व गोंड वस्त्या, कामासाठी नागपूर-हैदराबादकडे जाणारी कुटुंबे, त्यांच्या मागे आजी-आजोबांजवळ राहणारी मुले, आणि १९९० नंतरच्या काळात नक्षली हिंसाचाराची झळ सोसलेली गावे, असे नाना प्रकारचे बालजीवन या एकाच जिल्ह्यात आढळते. या मुलांविषयी भोपाळला कोणी बोलावे आणि काय बोलावे, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

बालमनावरील आघात म्हणजे काय?

मूल पडते, रडते आणि थोड्या वेळाने खेळू लागते. यावरून ‘लहान मूल सारे विसरते’ असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. किरकोळ दुःखांच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. परंतु भीती दीर्घकाळ टिकणारी असेल, ती ज्याने सांभाळावे त्याच्याकडूनच येत असेल आणि ती सांगावयास जागा नसेल, तर मूल ती विसरत नाही. ते गप्प होते, दचकून उठते, अंथरूण ओले करते, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, किंवा ते एकाएकी मारकुटे होते. शिक्षक त्याला ‘मठ्ठ’ म्हणतात, शेजारी ‘वाया गेलेले’ म्हणतात. मूळ कारण कोणी विचारीत नाही.

या विषयाचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. नऊ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले : मारहाण झाली होती काय, अत्याचार झाला होता काय, घरात दारूचे व्यसन होते काय, आईला मार बसत असे काय, घरातील कोणी तुरुंगात गेले होते काय. असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात पुढील आयुष्यात व्यसनाधीनता, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. याचा अर्थ असे प्रत्येक मूल पुढे बिघडतेच, असा नव्हे. जवळ एखादे मायेचे, विश्वासाचे प्रौढ माणूस असेल तर पुष्कळ मुले सावरतात. तथापि बालपणीच्या आघाताची किंमत व्यक्ती आणि समाज ही दोघेही अनेक वर्षे मोजीत राहतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

आपल्या देशातही केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांविषयीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व मध्य प्रदेशासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना त्यात विचारण्यात आले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. हा प्रकार फक्त मुलींच्याच वाट्याला येतो, या समजालाही त्या अहवालाने धक्का दिला. पुढे १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, अंमलात आला. मुलांना विचारले तर ती सांगतात, आणि त्यांचे सांगणे नीट मांडले तर कायदेमंडळ ते ऐकते, हा यातील बोध होय.

रखमाबाईंचे पत्र

असे सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा आरंभ मुंबईतील एका मराठी तरुणीच्या लेखणीने झाला असे म्हणण्यास हरकत नाही. रखमाबाई यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. त्या माहेरीच राहिल्या, शिकत गेल्या आणि वयात आल्यावर त्यांनी पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली पतीने न्यायालयात दावा लावला. खटला चालू असताना १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध झाली. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि तिच्या मनाची वाढ कशी खुंटते, हे त्यांत स्वानुभवाने मांडले होते. ती पत्रे रखमाबाईंची होती. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगण्याचा पर्याय दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

याच सुमारास, १८८४ साली, बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविषयी आपली टिपणे प्रसिद्ध करून देशभरातील अधिकारी व विद्वानांकडे पाठविली होती. कायद्याने हस्तक्षेप करावा की नाही, यावर महाराष्ट्रात मोठा वाद माजला. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारे सुधारणेची बाजू मांडली. परकीय सरकारने आमच्या सामाजिक व्यवहारात कायद्याने हात घालू नये, असा लोकमान्य टिळकांचा आक्षेप होता. शास्त्रार्थ बराच चालला. अशा वेळी १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची अवघी अकरा वर्षांची बालवधू पतीच्या अत्याचाराने मरण पावली. त्याच वर्षी देशातील ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि आपण स्वतः तपासलेल्या बालपत्नींच्या इजांची उदाहरणे त्यात नमूद केली. ग्रंथातील वचनांचा अर्थ लावता लावता जे बाजूला पडले होते, ते मुलीचे शरीर आणि तिची यातना आता कायदे करणाऱ्यांच्या टेबलावर आली. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला व ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली.

बारा वर्षे ही मर्यादा आज ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु मतांची जागा साक्षीने घेतली, हे त्या प्रसंगाचे महत्त्व आहे.

जोशी समिती आणि पुण्याची महिला परिषद

यानंतरचा टप्पा थेट आपल्या मध्य प्रांताशी निगडित आहे. सागरचे सुपुत्र आणि पुढे सागर विद्यापीठाचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर यांनी केंद्रीय विधानसभेत संमतिवय वाढविण्याचा प्रश्न चिकाटीने लावून धरला. १९२५ साली कायद्यात थोडी दुरुस्ती झाली, पण ती पुरेशी नव्हती. १९२७ साली अजमेरचे हरविलास सारडा यांनी बालविवाहास आळा घालणारे विधेयक मांडले. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकावे, म्हणून १९२८ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे विधिज्ञ आणि मध्य प्रांत सरकारचे माजी गृहमंत्री सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. समितीवर रामेश्वरी नेहरू यांच्यासारख्या सार्वजनिक कार्यकर्त्या आणि मद्रासच्या सरकारी स्त्री-रुग्णालयाच्या एक डॉक्टर बाईही होत्या. समितीने प्रश्नावल्या पाठविल्या, प्रांतोप्रांती दौरा केला आणि शेकडो साक्षी नोंदविल्या. डॉक्टर, वकील, पंडित, मौलवी, शिक्षिका, समाजसेविका अशा सर्व थरांतील माणसे तिच्यापुढे बोलली. विरोधकांनाही तिने ऐकून घेतले.

या साक्षी आपोआप गोळा झाल्या नाहीत. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. परिषदेचा मुख्य विषय स्त्री-शिक्षण हा होता. पण मुलगी शाळेत टिकत का नाही, या प्रश्नाचा माग काढताच त्या स्त्रिया बालविवाहाशी येऊन थांबल्या. त्यांनी केवळ ठराव करून काम संपविले नाही. पुढील वर्षी त्यांची शिष्टमंडळे दिल्लीत व्हाइसरॉयला आणि निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांना भेटली. त्या काळी बहुसंख्य स्त्रियांना मताचा अधिकारच नव्हता. मत देऊ न शकणाऱ्यांनी मत देऊ न शकणाऱ्या मुलांसाठी केलेला हा पाठपुरावा होता.

समितीचा अहवाल १९२९ साली आला. त्यात मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा असावे, अशी शिफारस होती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये विधेयक संमत झाले आणि मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ही मर्यादा ठरली. ‘सारडा कायदा’ म्हणून तो प्रसिद्ध आहे.

कायदा झाला, मूल वाचले काय?

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलात यावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत असंख्य आईबापांनी घाईघाईने मुलांची लग्ने उरकून घेतली. १९३१ च्या जनगणनेत विवाहित मुलांची संख्या वाढल्याचे दिसले, ते यामुळेच. ज्या मुलांच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्यांतील कित्येकांच्या गळ्यात त्या कायद्याच्या भीतीनेच मुंडावळ्यांच्या गाठी पडल्या.

शिवाय कायद्याची रचनाही कच्ची होती. पोलिसांना आपण होऊन कारवाई करता येत नसे. तक्रार करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका मागितला जाई. तक्रार खोटी ठरल्यास ती रक्कम जाण्याची भीती. खेड्यातील शिक्षक किंवा शेतकरी त्या काळी शंभर रुपयांची जोखीम कशी पत्करणार, आणि तीही शेजाऱ्याशी वैर ओढवून? परिणामी कायदा पुस्तकात राहिला. पुढे १९४९ मध्ये मुलीसाठी १५, आणि १९७८ मध्ये मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ अशी वयोमर्यादा झाली. २००६ चा बालविवाह प्रतिबंध अधिनियम १ नोव्हेंबर २००७ पासून अंमलात आला, तेव्हा कोठे बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याची तरतूद झाली.

यातून घ्यावयाचा धडा असा की, लोकप्रतिनिधींना केवळ दुःखाची जाणीव करून देणे पुरेसे नाही. तक्रार कोण करील, तिचा खर्च कोण सोसेल, कायदा लागू होईपर्यंत काय होईल, हेही त्यांना गावाच्या अनुभवातून सांगावे लागते. ही माहिती मंत्रालयातील फायलीत नसते. ती पोलीस पाटलाजवळ, अंगणवाडी सेविकेजवळ आणि शाळामास्तरांजवळ असते.

एका पत्रकार महिलेचा अर्ज

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण पाहू. मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनी तुरुंगांतील कैद्यांची स्थिती पाहून लेखन केले. सोळा वर्षांखालील मुलेही प्रौढ गुन्हेगारांबरोबर तुरुंगात डांबली जातात, हे ध्यानी येताच त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८६ साली न्यायालयाने देशभरच्या जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन अशा मुलांची माहिती कळविण्यास सांगितले. तोवर प्रत्येक राज्याचा बालकविषयक कायदा निराळा होता. मुंबई राज्याचा १९२४ चा, मध्य प्रांताचा १९२८ चा, नव्या मध्य प्रदेशाचा १९७० चा. काही राज्यांत तर कायदा असूनही तो लागूच केलेला नव्हता. सर्व देशासाठी संसदेने एकच कायदा करावा, असे न्यायालयाने सुचविले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला व २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलात आला. आज त्याची जागा २०१५ च्या अधिनियमाने घेतली आहे. एका नागरिकाने तुरुंगाच्या भिंतीआडचे बालपण पाहिले, लिहिले आणि योग्य ठिकाणी पोहोचविले, तेथून या कायद्याच्या वाटेला वेग आला.

वैनगंगेच्याच काठाने खाली गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथील डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी गावोगावचे बालमृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. तो विषय आघाताचा नसून मृत्यूचा होता. पण पद्धत आपल्याला उपयोगी आहे. शासकीय नोंदींत न आलेले मृत्यू या संस्थांनी घरोघर जाऊन नोंदविले, आणि त्यानंतर शासनाला या प्रश्नासाठी मूल्यमापन समिती नेमावी लागली. नीट केलेली मोजणी विधानभवनातही दुर्लक्षिता येत नाही.

लोकप्रतिनिधींना कसे सांगावे?

बालाघाट जिल्ह्यात बैहर, लांजी, परसवाडा, बालाघाट, वारासिवनी आणि कटंगी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. म्हणजे भोपाळच्या सभागृहात या जिल्ह्याचे सहा आवाज आहेत. त्या सहा जणांना मुलांविषयी आपण शेवटचे कधी काही लिहिले, याचा विचार प्रत्येक जाणत्या नागरिकाने करावा. पुढील सूचना महाराष्ट्रातील वाचकांनाही तितक्याच लागू आहेत.

पहिली गोष्ट, विषय एकच घ्यावा. रस्ता, धान खरेदी, रेशन आणि मुलांचा प्रश्न एकाच निवेदनात कोंबला की मुलांचा प्रश्न शेवटी जातो आणि तेथेच राहतो.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष पाहिलेले व मोजलेले लिहावे. समजा, एखाद्या गावात धानकापणी आटोपल्यावर आईबाप मजुरीसाठी बाहेरगावी जातात व मुले मागे राहतात. ‘आमच्या भागातील मुलांची अवस्था दयनीय आहे’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आमच्या गावात प्राथमिक शाळेच्या पटावर साठ मुले आहेत. दिवाळीनंतर त्यांपैकी अठरा मुलांचे दोन्ही पालक चार महिने बाहेर असतात. त्यांतील सात मुलांना सांभाळणारी आजी सत्तरीच्या पुढची आहे. या काळासाठी गावात वसतिगृह किंवा सायंकाळचे बालकेंद्र नाही.’ ही संख्या येथे नमुन्यादाखल दिली आहे; आपल्या गावाची संख्या आपण मोजावी. शिक्षकाला हजेरीपटावरून ती तासाभरात काढता येईल.

तिसरी गोष्ट, मागणी स्पष्ट असावी. कोणत्या खात्याने, काय, केव्हापर्यंत करावे, हे लिहावे. तालुक्याच्या रुग्णालयात मुलांसाठी समुपदेशक, जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्षात रिक्त पदांची भरती, शिक्षकांना आघातग्रस्त मूल ओळखण्याचे प्रशिक्षण, अशी मागणी आमदाराला सभागृहात प्रश्नाच्या रूपाने विचारता येते. ग्रामसभेचा ठराव जोडल्यास निवेदनाला वजन येते.

चौथी गोष्ट, उपलब्ध मार्गांचा उपयोग करावा. मध्य प्रदेश विधानसभेत याचिका समिती आहे, महाराष्ट्र विधानमंडळात विनंती अर्ज समिती आहे. आपला अर्ज सदस्यामार्फत सभागृहापुढे नेता येतो. भोपाळचे कामकाज हिंदीतून चालते, म्हणून बालाघाटच्या मराठी बांधवांनी अर्ज हिंदीत करावा. याशिवाय दोन्ही राज्यांत बालहक्क संरक्षण आयोग आहेत.

पाचवी गोष्ट, पुन्हा जावे. १९२७ च्या परिषदेतील स्त्रिया एका ठरावावर थांबल्या असत्या, तर त्या ठरावाचे कागद पुण्यातच राहिले असते.

मुलाला दुसरी जखम करू नये

या कामात एक धोका आहे आणि तो चांगल्या हेतूच्या माणसांकडूनच संभवतो. प्रश्नाची तीव्रता पटावी म्हणून काही कार्यकर्ते पीडित मुलालाच सभेत उभे करतात, त्याची कहाणी सर्वांसमक्ष सांगावयास लावतात, त्याचे छायाचित्र निवेदनाला जोडतात. हे सर्वथा अनुचित होय. ज्या मुलाने एकदा भोगले, त्याला ते पुन्हा पुन्हा भोगावयास लावणे म्हणजे मदत नव्हे. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. पॉक्सो आणि २०१५ चा बाल न्याय अधिनियम या दोन्हींनी पीडित बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. खेडे लहान असते. नाव न घेता ‘अमक्या मोहल्ल्यातील अमक्याची नात’ म्हटले तरी ओळख फुटते. म्हणून निवेदनात संख्या द्यावी, परिस्थिती सांगावी, मूल मात्र झाकलेले राहू द्यावे. रखमाबाईंनी स्वतःविषयी लिहिताना टोपणनाव घेतले होते. तो आडोसा आपण मुलांना दिलाच पाहिजे.

दुसरी दक्षता अशी : निवेदन ही तक्रारीची पर्यायी वाट नव्हे. एखाद्या विशिष्ट मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळविणे पॉक्सोखाली प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावात मिटवून घेऊ, शाळेची बदनामी होईल, असे म्हणून थांबता येत नाही. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रथम ते मूल, मग निवेदन, हा क्रम पाळावा.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी आहे. हातातील छडी ठेवून मगच विधिमंडळाला बालमनाविषयी लिहावे.

समारोप

मोरोपंत जोशींच्या समितीपुढे ज्या मुलींविषयी साक्षी झाल्या, त्यांतील बहुतेकींना आपल्याविषयी कोठे काही बोलले जात आहे, याची वार्ताही नसेल. त्यांची गाऱ्हाणी इतरांनी मांडली. ती मांडणाऱ्यांमध्ये सत्ताधीश थोडे आणि शिक्षिका, डॉक्टर, गृहिणी पुष्कळ होत्या. त्यांनी जे आणले ते साधे होते : आपण पाहिलेले दुःख, शक्य तेथे त्याची संख्या, आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्याची तयारी.

बालाघाटच्या एखाद्या शाळेत आज मागच्या रांगेत गप्प बसलेले एक मूल असेल. त्याला काय झाले आहे, हे त्याच्या गुरुजींना कदाचित ठाऊक असेल, कदाचित नुसता संशय असेल. पुढील अधिवेशनापूर्वी त्या गुरुजींनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि सरपंचांनी एकत्र बसून आपल्या गावातील मुलांविषयी एक पान जरी नीट लिहिले आणि ते आपल्या आमदारांच्या हाती दिले, तरी या लेखाचा उद्देश सफल झाला असे म्हणता येईल.

वाचन मंडळे व शिक्षक-पालक सभांसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किती मुलांचे दोन्ही पालक वर्षातील काही महिने बाहेरगावी असतात? ही संख्या कोणत्या नोंदीवरून काढता येईल?

२. १८९० च्या स्त्री-डॉक्टरांच्या अर्जात असे काय होते, जे त्यापूर्वीच्या वादविवादात नव्हते?

३. सारडा कायद्यातील जातमुचलक्याच्या अटीमुळे कोणाची तक्रार करण्याची वाट बंद झाली? आजच्या कायद्यांच्या अंमलबजावणीत अशा कोणत्या अडचणी आपल्या अनुभवास येतात?

४. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना मुलांविषयी एकच गोष्ट सांगावयाची झाल्यास ती कोणती? ती पाच ओळींत लिहून काढा. लिहिताना कोणत्याही मुलाची ओळख उघड होणार नाही, याची खात्री करा.